पिलांच्या पाण्यातलं ताक

मे महिन्यात तुम्ही दोघं नाशिकला आलात, तेव्हा आपण पिंपळगावच्या काकांच्या पोल्ट्रीवर गेलो होतो. धाकट्याच्या बुटांवर ताक सांडलं आणि नेमकी त्याच वेळी तुमची आई गप्प झाली. येताना गाडीतही ती काही बोलली नाही. परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, शूज खराब झाले म्हणून मम्मा रागावली होती का?"

नाही गं. बुटांचा काही संबंध नव्हता. पण ही फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीतही लिहिता आलं असतं. पण ताक, विरजण, मानमोडी हे शब्द इंग्रजीत नेले की ते आपल्या घरचे राहत नाहीत. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तर आईकडून वाचून घ्या. यातलं बहुतेक तिला माहीत आहे. एखादी गोष्ट नसेलही.

तुमचे आजोबा जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. त्यांची बरीच नोकरी पेठ तालुक्याच्या डोंगरात गेली. तिथल्या पाड्यांवर घराघरात थोड्याफार गावठी कोंबड्या असायच्या. पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, मुलाला शाळेचा सदरा घ्यायचा झाला, की कोंबडीच उपयोगी पडायची. आणि उन्हाळा आला की मानमोडी यायची. हा कोंबड्यांचा विषाणूचा रोग. कोंबडीची मान वाकडी होते, ती गोल गोल फिरते आणि पडते. बघता बघता सगळा पाडा रिकामा होतो. यावर लस होती आणि ती महागही नव्हती. पण ती थंड ठेवावी लागायची. आजोबा थर्मासमध्ये बर्फ भरून मोटारसायकलवर निघायचे आणि घाट चढून शेवटच्या पाड्यावर पोचेपर्यंत थर्मासात नुसतं पाणी उरायचं.

तुमची आई बी.एस्सी.ला होती तेव्हा एका सुट्टीत ती हट्टाने त्यांच्या मागे बसून गेली. शेवटच्या पाड्यावर एका म्हातारीने थर्मासात बोट बुडवलं आणि म्हणाली, "डाक्टर, तुमचा बरफ आमच्या कोंबड्यांच्या आधीच मेला."

सगळे हसले. आजोबाही हसले. घरी येऊन त्यांनी आम्हाला ती गंमत म्हणून सांगितली. तुमची आई मात्र जेवताना कुठेतरी दुसरीकडेच होती. समोर दह्याचं भांडं होतं, त्यात चमचा घालून ती तशीच बसून राहिली.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, खायचं असलं तर खा. दह्याला चाळवू नये, पाणी सुटतं."

"आजी, हे दही मरत कसं नाही गं? उन्हाळ्यात बाहेर असतं, तरी रोज जिवंत."

"मरेल कशाला? मी आहे ना!"

तिथून हे सगळं सुरू झालं.

पुढे ती पुण्याला एका संशोधन संस्थेत गेली. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. तिथे तिने जे काम धरलं, ते तुम्हाला समजेल असं सांगते. दही लागतं ते जिवाणूंमुळे. हे जिवाणू निरुपद्रवी, उलट पोटाला चांगले. त्यातल्या एकाच्या अंगावर रोगाच्या विषाणूचा एक बारीकसा तुकडा उगवेल असं करायचं. तुकडा एवढा लहान की त्याने रोग होत नाही. असा जिवाणू तोंडावाटे पोटात गेला की शरीर तो तुकडा बघतं, सावध होतं, आणि पुढे खरा रोग आला तर त्याला ओळखतं. सुई नाही, बर्फ नाही, खर्च जवळजवळ नाही. दह्यासारखं विरजायचं आणि वाटायचं. आधी कोंबड्यांसाठी, आणि जमलं तर पुढे लहान मुलांच्या हगवणीसारख्या रोगांसाठी. "आधी कोंबडी, मग बाळ," असं ती म्हणायची. जगात आणखीही काही लोक याच वाटेवर होते, पण आमच्या घरात ही कल्पना तिचीच होती.

सासूबाईंना हे समजावणं सोपं नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपला बहुरूपी. पोलिसाचा वेष करून दारात उभा राहतो, पोरं घाबरतात. पण आत माणूस साधाच."

"बरोब्बर, आजी!"

"आणि हे सोंग कुणाला द्यायचं? माझ्या दह्याला?"

कारण तुमच्या आईने जिवाणू घेतला होता तो घरच्याच दह्यातला. पुण्यात बाटलीबंद तयार जिवाणू मिळत होते, पण तिला आपल्याकडचा, आपल्या उन्हात टिकणारा हवा होता. सासूबाईंचं विरजण त्या लग्न होऊन निफाडहून आल्या तेव्हाचं होतं. त्यांनी ते कधी मोडू दिलं नव्हतं. गावाला जाताना शेजारी ठेवायच्या, आल्यावर परत आणायच्या. कुणी विरजण मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही, फक्त दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्याच दह्यावर होती. पिंपळगावच्या काकूसुद्धा एकदा आमच्याकडे आल्या असताना घरचं दही तार धरायला लागलंय म्हणून कुरकुरल्या, तर सासूबाईंनी त्यांना दिवे लागायच्या आत स्टीलच्या डबीत विरजण भरून एसटीत बसवून दिलं होतं.

हे पिंपळगावचे काका-काकू म्हणजे तुम्ही पाहिलेत तेच. आजोबांची त्यांच्या तालुक्यात बदली झाली तेव्हाची ओळख. काकांची पहिली पोल्ट्री एका साथीत बसली होती आणि ती पुन्हा उभी राहिली आजोबांच्या सल्ल्याने. तेव्हापासून काकांच्या लेखी साहेबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

तुमच्या आईचा जिवाणू तयार झाला, परीक्षानळीत सगळं जमलं, आणि पिलांवर प्रयोग करायची परवानगी आली. संस्थेच्या प्राणिगृहात बंदोबस्तात प्रयोग व्हायचा होता. अडचण पिलांची होती. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या अंगात आईकडून आलेली थोडी ताकद असते. ती असेपर्यंत नवी लस नीट लागू पडत नाही. ती ओसरायला तीनेक आठवडे जातात. तोवर पिलं बिनलशीची ठेवायला हवीत, आणि कुठलाही पोल्ट्रीवाला तेवढा धोका पत्करत नाही. एक पिलू आजारी पडलं तर सगळी शेड जायची भीती.

काकांनी पत्करला. आजोबांनी विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले. शेडपासून लांब, घरामागच्या खोलीत पिलं ठेवायची ठरली. तुमची आई स्वतः जाऊन सगळं समजावून आली. लस नाही, कसलं औषध नाही, खाद्यात काही मिसळायचं नाही. काकू म्हणाल्या, "ताई, मी दुसऱ्या कुणाला त्या खोलीत जाऊच देणार नाय. पोटच्या पोरांसारखी बघते."

आणि त्यांनी तसंच केलं. तो उन्हाळा फार कडक होता. आजोबा अधूनमधून जाऊन बघून यायचे आणि सांगायचे, "काकूंनी खोलीला गोणपाट लावलंय, त्यावर पाणी मारतात. एक पिलू दगावलेलं नाही." तुमच्या आईच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जी तकाकी होती, ती मी पुढे तिच्या लग्नातही पाहिली नाही. हे ती वाचून दाखवत असेल तर इथे नाक मुरडेल, पण खरं आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यांना माहीत होती. तिच्या कामाला मिळालेला निधी या प्रयोगापाशी संपत होता. निकाल चांगला आला तर पुढची वर्षं मंजूर होणार, ती पुण्यात राहणार, आणि पुढे नाशिकला, पेठच्या पाड्यांवर लस न्यायची तर इथेच एखादं छोटं केंद्र काढायचं, असं संस्थेतल्या तिच्या सरांनीच म्हटलं होतं. निकाल नाही आला, तर परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला बोलावलं होतं, तिथे वेगळ्याच विषयावर काम होतं. त्या पत्राला तिने अजून उत्तर दिलेलं नव्हतं. सासूबाई रोज देवापुढे काय मागायच्या ते मला माहीत होतं, कारण त्या मोठ्याने मागायच्या.

पिलं पुण्याला गेली. काही पिलांना नेहमीची लस डोळ्यात थेंब टाकून दिली, काहींना तुमच्या आईचा जिवाणू पाण्यातून दिला, काहींना काहीच नाही. मग रक्त तपासलं. थेंबवाल्या पिलांच्या रक्तात लशीची चांगली खूण दिसली. तुमच्या आईच्या पिलांच्या रक्तात जवळजवळ काहीच नव्हतं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात आणि यांच्यात फरक करता येईना.

ती घरी आली तेव्हा मृगाचे दिवस होते, पण पावसाचा पत्ता नव्हता. बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि आजोबांना म्हणाली, "बाबा, नाही झालं." आजोबांनी तिला बसवलं आणि एकेक पायरी विचारली. जिवाणू जिवंत होते का? होते. पाण्यात क्लोरीन होतं का? नव्हतं. पिलं तहानलेली ठेवून मग पाणी दिलं का? दिलं. विचारायचं संपलं, पण चूक कुठेच सापडली नाही. मला त्यांच्यापेक्षा तिचीच काळजी वाटत होती, पण ती रडली वगैरे नाही. दोन दिवस झोपली आणि मग कपाटं आवरायला लागली. कपाटं आवरण्याची सवय तिला माझी लागली आहे. मन ठिकाणावर नसलं की आम्ही दोघी घड्या घालतो.

अशात पिंपळगावचे काका-काकू आले. निकालाचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. काका दारातूनच ओरडले, "काय ताई, आमची पिलं पास झाली का नापास?"

तुमच्या आईने हसून सांगितलं, "पिलं पास झाली काका. मी नापास झाले."

काका वरमले. "असं कसं म्हणता? लय मेहनत घेतली हो तुमी."

मी त्यांना जेवायलाच बसवलं. उकाडा फार होता, सासूबाईंनी मठ्ठा केला होता. काकूंनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाल्या, "हां! हे ताक. आमच्याकडं बी हेच हाय आता. पोरं तर पितातच, पण तुमची पिलं काय प्यायची म्हणून सांगू! पाणी घातलं की सगळी गोळा."

तुमच्या आईचा हात ताटात थांबला. "कुठली पिलं, काकू?"

"तुमचीच की. मागच्या खोलीतली."

"त्यांना ताक दिलंत?"

"मग? एवढा उन्हाळा. साहेबांनीच नाय का सांगितलेलं, तापमान वाढलं की पाण्यात ताक घालायचं म्हणून? आमी दर उन्हाळ्यात घालतो. पोट बिघडत नाय, पिलं टवटवीत राहतात." मग त्यांना शंका आली आणि त्या आजोबांकडे बघायला लागल्या. "साहेब, औषध नाय दिलं हो काही. शपथ. एक गोळी नाय."

आजोबा म्हणाले, "नाही वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. मीच सांगितलंय ते. पन्नास ठिकाणी सांगितलंय."

"ताक काय औषध असतंय का," काका म्हणाले, "म्हणून तर बोललो नाय. पाणी दिलं असं कोण सांगतं?"

तुमच्या आईने हळूच विचारलं, "काकू, विरजण कुठलं होतं?"

काकूंचा चेहरा खुलला. आता चांगलं काहीतरी बोलता येईल असं त्यांना वाटलं असणार. "आजींचंच! त्या वर्षी डबीत दिलेलं नाय का? तेव्हापासून मोडलं नाय मी."

आणि सासूबाईंनी मान ताठ करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "बघा. निफाडचं ते. टिकवलंस गं बाई!"

सासूबाईंना वाटलं, आम्हाला ऐकू आलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, "माझंच विरजण ते."

तुम्हाला लक्षात आलं असेल. ज्या जिवाणूला तुमच्या आईने रोगाचं सोंग चढवलं होतं, तोच जिवाणू, बिनसोंगाचा, ती पिलं पहिल्या दिवसापासून पाण्यातून पीत होती. त्यांच्या पोटाला तो घरचाच झाला होता. शरीराचं असं असतं की रोज पोटात येणाऱ्या गोष्टीला ते शत्रू मानत नाही. नाहीतर जेवणच पचलं नसतं. मग कधीतरी तोच जिवाणू पाठीवर एक तुकडा घेऊन आला, तर त्याच्याकडे कोण बघतंय?

काका-काकू गेल्यावर हे सासूबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी फिरवून फिरवून सांगत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हणजे बहुरूपी गल्लीतलाच निघाला," त्या म्हणाल्या. "रोजचा माणूस. पोलिसाची टोपी घालून आला तरी कुत्रंसुद्धा भुंकलं नाही."

"हो, आई."

मग त्या उठून आत गेल्या.

संध्याकाळी तुमच्या आईने सरांना फोन लावला. आमचा फोन बाहेरच्या खोलीत होता, त्यामुळे तिची बाजू आम्हाला ऐकू येत होती. सुरुवातीला ती भराभर बोलली. आवाजात पुन्हा ती उन्हाळ्यातली तकाकी आली होती. आजोबा खुर्चीत पुढे सरकून बसले. "सर, म्हणजे जिवाणूत दोष नाही, पिलांची निवडच... हो. हो सर. स्वच्छ पिलं घेऊन परत... हो, कळतंय." मग ती नुसतं ऐकत राहिली. मग म्हणाली, "तेही माझ्या मनात आलं, सर. दुपारीच आलं."

फोन ठेवून ती आजोबांसमोर बसली. "सर म्हणाले, हे कारण असू शकतं. निधी मात्र संपलाय, आणि फसलेल्या प्रयोगावर पुन्हा मिळणार नाही. पण ते सोडा बाबा. ते म्हणाले, ताक प्यायलेल्या पिलात हे चालत नसेल, तर दहीभात खाल्लेल्या मुलात कसं चालेल? आणि दहीभात न खाल्लेलं मूल आपल्याकडे शोधायचं कुठे?"

"मग दुसरा जिवाणू घे. ज्याची इथल्या पोटांना ओळख नाही असा."

"घेता येईल. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. ही सगळी वर्षं पुन्हा."

"पण मुळात ताकामुळेच झालं हे, हे तरी कुठे सिद्ध झालंय?" आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, आणि त्यांचा आवाज सहसा चढत नसे. "बिनताकाची पिलं घेऊन एकदा, एकदाच बघायला नको का?"

"बघायला हवं, बाबा. पण बघू कोण देणार?"

मग थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "मी त्या खोलीत इतक्या वेळा गेलो. पाण्याची भांडी पाहिली. पाणी पांढुरकं दिसलं असणार मला. पण ते मला इतकं बरोबर वाटलं असणार, की दिसलंच नाही."

ती त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तुम्ही पिलं जगवायला सांगितलं होतंत. ती जगली."

त्या आठवड्यात तिने परदेशातल्या पत्राला होकार पाठवला. मी तिला म्हटलं, इथेही कॉलेजात शिकवता येईल, माझ्या ओळखी आहेत. ती म्हणाली, "आई, इथे राहून मी दुसरं काहीही करू शकेन, हे सोडून. मग रोज पेठच्या रस्त्याची पाटी बघायची आणि दुसरं काहीतरी करायचं? त्यापेक्षा दूर जाऊन दुसरं करते." मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

जायच्या दिवशी सासूबाईंनी विरजण सुकवलेला एक पांढरा फडका छोट्या पिशवीत घालून तिच्यापुढे धरला. तो दुधात टाकला की दही लागतं, असं जुन्या बायका करायच्या. तुमची आई म्हणाली, "आजी, तिथे दही विकत मिळतं गं. आणि विमानतळावर अडवतात." सासूबाईंनी हात मागे घेतला. अडवतात हे खरंच होतं. पण तुमच्या आईला मी ओळखते, न्यायचं असतं तर तिने नेलंच असतं. आणि सासूबाईही काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यानंतर त्या जितकी वर्षं होत्या, त्यांनी दही लावलं, विरजण वाटलं, पण "माझंच विरजण ते" हे वाक्य पुन्हा म्हणाल्या नाहीत.

तिकडे तुमच्या आईचं चांगलं झालं. काम मिळालं, तुमचे बाबा भेटले, तुम्ही झालात. याबद्दल मला कसलीही खंत नाही, हे नीट समजून घ्या. खंत दुसरीच आहे. ती गोष्ट चुकीची ठरली असती तर आम्ही ती विसरलो असतो. बरोबर ठरली असती तर ती पुढे गेली असती. ती कळायचीच राहून गेली.

आता ती गोष्ट, जी तुमच्या आईला बहुधा माहीत नाही.

आजोबा निवृत्त झाल्यावर एक दिवस मला म्हणाले, पुण्याला जाऊन येतो, पेन्शनचं काम आहे. पेन्शनची सगळी कामं नाशिकलाच होतात, हे मला माहीत होतं. मी डबा करून दिला. ते तुमच्या आईच्या सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, की आपण स्वतः घरी अंडी उबवून, ताकाचा थेंबही न देता, सांगाल तशी पिलं वाढवून दिली, तर तो एकच प्रयोग पुन्हा करता येईल का? तेवढा एकच. बाकी पैसे लागत असतील तर त्याचंही बघू. मुलीला आत्ताच काही सांगू नका. निकाल चांगला आला तर तिला कळवू, तिला वाटलं तर ती येईल.

सर चांगले गृहस्थ. त्यांनी आजोबांना बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, की त्या जिवाणूच्या नळ्या आता नाहीत. प्रयोगशाळा नव्या इमारतीत नेताना, ज्यांचं काम चालू नाही अशांच्या नळ्या काढून टाकल्या गेल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जागा कमी होती.

आजोबा रात्रीच्या गाडीने परत आले. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. चहा चांगला होता." बाकीचं त्यांनी मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, आणि तिला सांगू नकोस असं म्हणाले. मी इतकी वर्षं सांगितलं नाही. ते जाऊन आता दोन उन्हाळे झाले. ही गोष्ट तिच्या वडिलांची आहे, ती तिच्याकडे असायला हवी, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे.

आता पोल्ट्रीवरचा तो दिवस.

तुम्ही पिलांकडे पळालात. काकूंनी ताकाची बादली आणली होती. "मी पण घालणार" म्हणत धाकट्याला बादलीतला मग हवा होता, आणि काकूंनी तो दिला. तेवढ्यात काका तुमच्या आईला म्हणाले ते तुम्ही ऐकलं नसेल. मी जवळ होते.

"ताई, दर साली ऊन वाढलं की मी साहेबांना फोन करायचो. साहेब, यंदा ताक सुरू करू का? आता त्यात विचारण्यासारखं काय होतं? पण तुमी गेल्यापासून मी विचारल्याशिवाय घालत नव्हतो. साहेब फोनवर जरा थांबायचे. मला वाटायचं, लाइन कट झाली का काय. मग म्हणायचे, करा सुरू. हे दोन उन्हाळे कोणाला विचारू कळंना. आता तुमीच सांगा. घालू का नको?"

त्याच वेळी धाकट्याचा मग कलंडला आणि ताक बुटांवर सांडलं. तुमची आई खाली वाकली, रुमालाने त्याचे बूट पुसायला लागली, आणि पुसतच राहिली. काका उत्तराची वाट बघत उभे होते. ती फोनवरच्या आजोबांसारखीच थांबली होती, फक्त इथे लाइन कट झाली असं म्हणायची सोय नव्हती.

मग तिने उभं राहून पिलांच्या भांड्यात बोट बुडवलं.

"पाणी कोमट झालंय, काका," ती म्हणाली. "आधी हे बदला. मग घाला ताक."

काकांनी पाणी बदललं. ताक तिनेच घातलं, सगळ्या भांड्यांत, हळूहळू, एकसारखं. पिलं गोळा झाली. मग ती गाडीत येऊन बसली.

एवढंच होतं. बुटांवरचे डाग धुतल्यावर गेले असतील. आई हे वाचून दाखवताना पुण्याच्या चहापाशी थांबली, तर तिला पुढे वाच म्हणून घाई करू नका.